मोटारीचा ‘मेंदू’ उतरवताना…

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि शहरातील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. त्यानंतरही दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरात हे दृश्य दिसतेच. पाणी ओसरले की मालकाला पहिला मोह होतो तो किल्ली फिरवून पाहण्याचा. नेमका हाच मोह महागात पडतो. कारण मोटारीचा ‘मेंदू’ असलेल्या ईसीयूची, म्हणजे इंजिन नियंत्रक संगणकाची, हानी नुसत्या पाण्याने होते त्याहून अधिक पाणी आणि वीज एकत्र आल्याने होते. ओल्या सर्किटातून प्रवाह वाहू लागला की तांब्याच्या सूक्ष्म रेषा झपाट्याने गंजतात, प्रसंगी शॉर्ट सर्किटही होते.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात हा प्रश्न नव्हता. १९७९ मध्ये बॉश कंपनीच्या ‘मोट्रॉनिक’ प्रणालीने बीएमडब्ल्यू ७३२आय या मोटारीत इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ ही दोन्ही कामे एकाच संगणकाकडे सोपवली. भारतात प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, तसा हा संगणक सामान्यांच्या मोटारीतही आला. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘बीएस-६’ निकष लागू झाल्यानंतर तर त्याच्याविना नवी मोटार संभवतच नाही.

हातातल्या पुस्तकाएवढी ही पेटी काही मोटारींत डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्समागे असते, काहींत बॉनेटखाली बॅटरीजवळ, तर काहींत आसनाखाली वा गालिच्याखाली. गालिच्याखालच्या पेटीला पुराचा धोका अर्थातच सर्वाधिक. नेमकी जागा त्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली असते.

दोष खरोखर पेटीचाच आहे का?

पेटी काढण्यापूर्वी हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. इंजिन अडखळू लागले की ईसीयूवर खापर फोडले जाते. प्रत्यक्षात जळालेला फ्यूज, सैल झालेले अर्थिंग, गंजलेला कनेक्टर किंवा उंदराने कुरतडलेली वायर हीच कारणे अधिक वेळा निघतात. स्कॅनरने दोषांचे संकेतांक वाचून आणि वायरिंग तपासूनच पुढचे पाऊल टाकावे. वॉरंटीतील मोटारीला तर स्वतः हात लावूच नये. पुरात भिजलेल्या मोटारीबाबत आधी विमा कंपनीला कळवावे आणि पाण्याची पातळी दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत. बुडालेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान सर्वसाधारण पॉलिसीत बहुधा नाकारले जाते.

क्रम चुकवू नये

काम तसे अवघड नाही, पण त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. इग्निशन बंद करून किल्ली बाहेर काढावी. बटणावर सुरू होणाऱ्या मोटारीची किल्ली दूर ठेवावी. त्यानंतर काही मिनिटे थांबावे, कारण इंजिन बंद झाल्यावरही ईसीयू थोडा वेळ जागा राहून शिकलेली माहिती साठवत असतो. मात्र मोटार पाण्यात बुडालेली असेल तर किल्ली फिरवूच नये, शक्य तितक्या लवकर बॅटरी तोडावी.

बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल प्रथम सोडवावे. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना मोटारीच्या पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. चालू इंजिनाची बॅटरी कधीही तोडू नये. अल्टरनेटरचा व्होल्टेज एकाएकी उसळतो आणि संगणक त्याचा बळी ठरू शकतो. डॅशबोर्डमध्ये काम असेल तर पिवळ्या आवरणातील वायरींपासून दूर राहावे. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात आणि बॅटरी तोडल्यावरही त्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. हायब्रिड मोटारीतील नारिंगी केबलना तर प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कुणीही स्पर्श करू नये.

ईसीयूला हात लावण्यापूर्वी मोटारीच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी. कनेक्टर वायर धरून ओढू नये. त्याची कळ दाबून किंवा खटका उलटवून तो सरळ बाहेर काढावा. पेटीचे बोल्ट त्यानंतर खोलावेत. पिनांना बोट लावू नये. भिजलेली पेटी उन्हात तापवणे वा हेअर ड्रायरने वाळवणे टाळावे आणि ती तशीच जाणकार दुरुस्तीकाराकडे द्यावी.

बसवताना उलटा क्रम

पेटी पुन्हा बसवताना कनेक्टरचे रबरी सील आणि वाकलेल्या पिना आधी तपासाव्यात. आधी पेटी व कनेक्टर बसवून मग बॅटरीचे पॉझिटिव्ह आणि सर्वात शेवटी निगेटिव्ह टर्मिनल जोडावे. सुरुवातीला इंजिन थोडे अस्थिर चालू शकते. संगणक आपली मोजमापे नव्याने शिकत असतो. खिडक्यांच्या काचा, घड्याळ आणि काही मोटारींत रेडिओचा कोड पुन्हा बसवावा लागतो.

जुन्या बाजारातून स्वस्तात मिळालेला ईसीयू लावून काम भागेल, ही समजूत मात्र सोडून द्यावी. चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरमुळे अनेक मोटारींत किल्ली आणि ईसीयू यांची जोडी ठरलेली असते. नवा संगणक त्या मोटारीसाठी प्रोग्रॅम केल्याशिवाय तसे इंजिन सुरूच होत नाही. म्हणूनच मूळ पेटी वाचवणे हाच सर्वात स्वस्त उपाय ठरतो. पुरानंतर किल्ली न फिरवता बॅटरीची एक वायर सोडवण्याचे भान राखले, तर ती वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.