पत्र्याच्या कडेची साक्ष

लेझर कटिंग मशीन नीट कापेनासे झाले, की बहुतेक शेडमध्ये पहिला संशय येतो तो सगळ्यात महागड्या भागावर, म्हणजे किरण तयार करणाऱ्या सोर्सवर. ‘सोर्स गेला’ हे दोन शब्द मालकाची झोप उडवायला पुरेसे असतात. हैदराबादच्या बालानगर, जीडिमेटला, चेर्लापल्ली भागांतल्या शेड मी वर्षानुवर्षे हौसेने हिंडतो आहे, आणि त्या हिंडण्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. दोष शोधायला सुरुवात करायची ती वाया गेलेल्या तुकड्यापासून. पडद्यावर अलार्म यायच्या कितीतरी आधी पत्र्याची कड तक्रार सांगायला लागलेली असते. ती वाचता आली, तर निम्मे निदान जागच्या जागी होते.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. हैदराबादेत १९४२ साली ऑल्विन आणि १९४३ साली प्रागा टूल्स उभे राहिले. साठच्या दशकात भेल, एचएएल असे मोठे सरकारी कारखाने आले. १९६८ साली बालानगरला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन सुरू झाली. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉप्स भोवताली वाढली. पुढे त्यांच्यातच पत्रा कापून देणारी जॉबवर्कची दुकाने आली. नांदेड-लातूरकडून आलेली आयटीआयची मुले तिथे तेलुगू सहकाऱ्यांच्या बरोबरीने काम करतात आणि आपसात दखनी बोलतात.

या विषयात मराठी वाचकाने अभिमानाने सांगावा असा एक धागा आहे. पत्रा कापण्याच्या धंद्यावर कित्येक दशके ज्या कार्बन डायऑक्साइड लेझरने राज्य केले, त्याचे जनक सी. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. १९५८ साली ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले, स्टॅनफर्डला गेले आणि अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६४ साली त्यांनी हा लेझर घडवला. १९९६ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. १९६७ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी याच जातीच्या लेझरला ऑक्सिजनच्या झोताची जोड दिली आणि एक मिलिमीटरचा पोलादी पत्रा कापून दाखवला. किरण आणि वायू यांची ही जोडी तेव्हापासून फुटलेली नाही, आणि निम्म्याहून अधिक बिघाड याच जोडीत सापडतात असा माझा अनुभव आहे.

आज बहुतेक ठिकाणी फायबर लेझर दिसतो. पटेलांच्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. तो किरण साध्या काचेतून जातच नाही, म्हणून त्याला आरसे आणि झिंक सेलेनाइडची भिंगे लागत. फायबर लेझरची तरंगलांबी साधारण १.०७ मायक्रॉन. हा किरण काचतंतूतून थेट कटिंग हेडपर्यंत येतो, भिंगातून एकवटतो, खालच्या संरक्षक काचेतून पार होतो आणि तांब्याच्या नोझलच्या भोकातून पत्र्यावर पडतो. त्याच भोकातून वायूही सुटतो. साध्या पोलादाला ऑक्सिजन दिला, तर लोखंड जळून स्वतःच मोठी उष्णता देते. स्टेनलेसला जोरदार दाबाने नायट्रोजन देतात, तो नुसता वितळलेला धातू खाली ढकलतो.

आता कड वाचू. तुकडा उजेडात धरून त्याच्या जाडीवर नजर टाकली, की बारीक उभ्या रेघा दिसतात. त्या खाली जाताना मागे रेलल्या असतील, तर वेग झेपत नाही किंवा शक्ती कमी पडते आहे. खालच्या बाजूला चिकटून राहिलेल्या वितळलेल्या धातूला कारागीर ‘बर’ म्हणतात. चारही बाजूंना सारखा बर असेल, तर फोकस, वेग, वायूचा दाब यांच्याकडे बघायचे. बर एकाच बाजूला असेल, म्हणजे चौकोनाच्या उजव्या कडेला आहे आणि डाव्या कडेला नाही, तर नोझल मध्यावर नाही किंवा त्याचे भोक झिजून वाकडे झाले आहे. स्टेनलेसची कड पिवळसर आली, तर नायट्रोजनमध्ये कुठून तरी ऑक्सिजन मिसळतो आहे. पोलादाच्या कडेला मधूनच खड्डे पडले, तर आधी पत्र्यावरचा गंज पाहावा. गोल भोक लंबगोल आले, तर किरण निर्दोष आहे. तिथे रॅक, पिनियन आणि बेअरिंगची ढिलाई शोधायची.

नोझल मध्यावर आहे का, हे पाहायची रीत मला फार आवडते, कारण तिला कुठलेही महागडे उपकरण लागत नाही. नोझलच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टी लावायची. दरवाजे बंद करून कमी शक्तीची एकच ठिणगी सोडायची, पट्टी काढायची आणि भिंगाखाली धरायची. नोझलच्या भोकाचे वर्तुळ पट्टीवर उमटलेले असते आणि किरणाने जाळलेला ठिपका त्यात दिसतो. ठिपका बरोबर मध्ये हवा. नसेल, तर हेडवरचे स्क्रू किंचित फिरवून पुन्हा तेच. फोकस वरखाली करत अशाच पट्ट्या घेतल्या, तर ज्या उंचीला ठिपका सगळ्यात लहान, तो खरा शून्य. पडद्यावरचा आकडा काहीही सांगो.

आणि आता माझा खरा जिव्हाळ्याचा विषय: ती संरक्षक काच. काही शे रुपयांची ही गोल चकती लाखो रुपयांच्या यंत्रणेची राखण करते. पत्र्याला पहिले भोक पाडताना वितळलेल्या धातूचे शिंतोडे वर उडतात, ते ती स्वतःवर झेलते. स्वच्छ असेपर्यंत किरण तिच्यातून जवळजवळ विनातक्रार जातो. पण तिच्यावर एक ठिपका बसला, की तो किरणातली शक्ती शोषतो आणि तापतो. तापलेल्या काचेचा अपवर्तनांक बदलतो आणि सपाट चकती भिंगासारखी वागायला लागते. फोकस हळूहळू वर सरकतो. यातला चकवा असा, की मशीन थोडा वेळ थांबवले, की काच निवते आणि फोकस परत जागेवर येतो. म्हणून इंजिनिअर येऊन चाचणी घेतो तेव्हा सगळे ठीक असते आणि त्याची पाठ फिरल्यावर पुन्हा तेच सुरू होते.

बालानगरच्या एका शेडमध्ये मी हे जवळून पाहिले. दाबाच्या साध्या हवेवर तीन मिलिमीटरचा पत्रा कापत होते. ऑपरेटर म्हणाला, “सुबह में मस्त काटता साब, दस बजे के बाद नखरे शुरू.” या एका वाक्यात अर्धे निदान होते. बिघाड घड्याळाप्रमाणे येत होता, म्हणजे तो तापण्याशी बांधलेला होता. काच बदलली, की पुढचे काही तास सुरळीत जात आणि मग परत तेच. काढलेल्या काचेवर शिंतोड्यांचे काळे टिपके नव्हते. काळ्या कापडापुढे तिरपी धरून बॅटरीचा झोत टाकला, तेव्हा तिच्यावर एक पुसट, तेलकट पापुद्रा चमकला. मग लेझर पूर्ण बंद ठेवून नोझलमधून नुसती हवा सोडली आणि समोर पांढरे स्वच्छ कापड धरले. काही मिनिटांत कापडावर फिकट पिवळा डाग उमटला. कॉम्प्रेसरचे तेल हवेबरोबर थेट हेडपर्यंत येत होते. फिल्टरचे आतले नळकांडे गच्च भरलेले आणि ड्रायरचा पाणी सोडणारा कॉक बंद. दोन्ही दुरुस्त केले, नळी साफ केली, नवी काच घातली, आणि सोर्सला कोणी हातही लावला नाही.

काच बदलण्यालाही शिस्त आहे. जवळचा पंखा बंद करायचा, हेड बाहेरून पुसून घ्यायचे, हात धुऊन बोटांना रबरी टोप्या चढवायच्या. काचेचा खण ओढला, की उघड्या फटीवर लगेच चिकटपट्टी लावायची, नाहीतर धूळ आत जाऊन वरच्या भिंगावर बसते आणि मग खर्च खरोखर मोठा होतो. काच पुसायला धागे न सुटणारा बोळा आणि शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल. तोंडाने फुंकर मारायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. पुसूनही ठिपका राहिला, तर ती काच टाकून द्यायची. इथली काटकसर सर्वांत महाग पडते.

काचेचा दुसरा शत्रू दव. उन्हाळ्यात कोरडे असणारे हैदराबाद आषाढ-श्रावणात दमट होते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश. अशा दिवशी यंत्र थंड राखणाऱ्या चिलरचे पाणी २२ अंशांवर ठेवले, तर थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा तसे सोर्सच्या आत आणि भिंगांवर पाणी धरते. त्यावर किरण सुरू केला, की भिंग जळते. हा बिघाड बहुधा सकाळी होतो, कारण रात्रभर बंद मशीनमध्ये दमट हवा शिरलेली असते. उपाय साधा आहे. आधी सोर्सच्या कपाटाचा एसी चालू करायचा, आतली हवा कोरडी होऊ द्यायची, मग चिलर आणि शेवटी लेझर. पाण्याचे तापमान कंपनीने दिलेल्या मर्यादेत पण दवबिंदूच्या वर ठेवायचे. चिलरमध्ये बोअरचे जड पाणी कधीही घालू नये. त्याने बारीक नळ्यांत क्षार धरतात.

इथल्या जमिनीबद्दलही सांगितले पाहिजे. हैदराबाद सुमारे अडीच अब्ज वर्षे जुन्या ग्रॅनाइटवर वसले आहे. बंजारा हिल्सचे आणि दुर्गम चेरुवूच्या काठचे ते अजस्र गोल धोंडे पाहायला मी पाहुण्यांना मुद्दाम नेतो. पण हाच खडक अर्थिंगचा वैरी आहे. एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या मुरमाड जमिनीत अर्थिंगचा रोध वाढतो. हेडची उंची राखणारा सेन्सर नोझल आणि पत्रा यांच्यातली विद्युत धारिता मोजतो. अर्थिंग कच्चे असले, की त्याचे माप डळमळते आणि हेड विनाकारण वरखाली होते. अशा वेळी सेन्सर बदलण्याआधी अर्थिंगचा खड्डा तपासावा, पाणी घालावे आणि नोझलमागचे सिरॅमिक ओलसर किंवा तडकलेले नाही ना, हे बघावे.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. फायबर लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याच्या भिंगातून तो थेट दृष्टिपटलावर एकवटतो, आणि ती इजा भरून येत नाही. दरवाजाची सुरक्षा-कळ बांधून ठेवून आत डोकावणारी माणसे मी पाहिली आहेत. साधा काळा चष्मा इथे निरुपयोगी आहे. या शक्तीची कल्पना यायला एक उदाहरण पुरे. डीआरडीओच्या हैदराबादेतल्या ‘चेस’ या केंद्राने विकसित केलेल्या ३० किलोवॉटच्या लेझर शस्त्राची चाचणी १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूलजवळ झाली आणि त्याने ड्रोन पाडले. तितक्याच किलोवॉटची कटिंग मशीनही आज बाजारात मिळतात.

बालापूरच्या एआरसीआय या संशोधन संस्थेत लेझरने धातूंवर काम करण्याचे स्वतंत्र केंद्र आहे. शहरात ज्ञान आहे, ते शेडपर्यंत पोचायला हवे. त्यासाठी मालकांना माझी विनंती आहे. ऑपरेटरला एक वही द्या. रोज सकाळी आणि कामाच्या भरात त्याला एक ठरावीक चौकोन कापायला सांगा आणि तो तुकडा तारखेसह भिंतीला टांगा. काच कधी बदलली, पाण्याचे तापमान किती, सिलिंडर कधी लावला, एवढे वहीत लिहून घ्या. बिघाड आला, की बाहेरून आत चला: आधी पत्रा आणि वायू, मग नोझल, मग काच, मग पाणी आणि वीज, आणि सगळ्यात शेवटी सोर्स. हा क्रम पाळला, तर सोर्सपर्यंत जायची वेळ क्वचितच येते.