पीएस 2 ची डिस्क आणि पीएस 5

मुंबईच्या ट्राइन कंपनीने तयार केलेला ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हा गल्ली क्रिकेटचा गेम 2010 मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन 2, म्हणजे पीएस 2 साठी आला. समजा, अर्नाळ्यातल्या आपल्या घरात ती डिस्क आहे आणि आता पीएस 5 ही आला आहे. मुलांना तो गेम दाखवायचा तर काय करावं लागेल?

आधी हे लक्षात घ्या की ती डिस्क पीएस 5 मध्ये चालणार नाही. डिस्क खराब झाली असं समजून ती घासत बसू नका. पीएस 5 ला गेमच्या डिस्क चालतात त्या फक्त पीएस 4 आणि पीएस 5 च्या.

ताकद कमी पडते म्हणून असं होत नाही. पीएस 2 ची मेमरी 32 एमबी, पीएस 5 ची 16 जीबी. अडचण आहे ती प्रोसेसरची. जुन्या गेममधल्या सूचना जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या, त्या नव्याला कळतच नाहीत.

म्हणून मध्ये एम्युलेटर लागतो, म्हणजे नव्या यंत्रात जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. तो दुभाष्यासारखा प्रत्येक सूचना ऐकतो आणि नव्या प्रोसेसरला समजेल अशी करून देतो.

खरी कसोटी इथेच लागते. पीएस 2 मध्ये मुख्य प्रोसेसर, चित्राची चिप, आवाजाची चिप असे अनेक भाग एकाच वेळी चालत. नकलेत त्यांचा मेळ जरासा चुकला तरी आवाज मागे पडतो, सावल्या गायब होतात, कधी गेम मध्येच अडकतो. त्यामुळे प्रत्येक गेम वेगळा तपासावा लागतो. हे टाळण्यासाठी सोनीने 2006 च्या पहिल्या पीएस 3 मध्ये चक्क पीएस 2 च्या चिपाच बसवल्या होत्या. पुढे खर्च कमी करताना त्या काढल्या.

तांत्रिक काम जमलं तरी हक्कांचा प्रश्न उरतो. गेम एकाचा, संगीत दुसऱ्याचं, वितरण तिसऱ्याकडे. सगळ्यांची परवानगी मिळाल्याशिवाय जुना गेम पुन्हा विकता येत नाही, आणि कित्येक चांगले गेम इथेच अडकून राहतात. याची मला मनापासून खंत वाटते.

आपण करायचं ते असं. प्लेस्टेशन स्टोअरमध्ये गेमचं नाव शोधा. भारतात प्लेस्टेशन प्लसच्या ‘डिलक्स’ योजनेत निवडक जुने गेम मिळतात. पीएस 2 ची डिस्क घरात आहे म्हणून सवलत मात्र मिळत नाही.

गेम मिळाला की टीव्हीकडे बघा. जुनं चित्र बहुधा 4:3 मापाचं, म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. त्या राहू द्या. चित्र ताणलं की फलंदाज जाडजूड दिसतात. टीव्हीचा ‘गेम मोड’ही चालू करा. नाहीतर बटण दाबल्यावर बॅट क्षणभर उशिरा फिरते, आणि तोवर दांडी उडालेली असते.

स्टोअरमध्ये गेम नसेल तर जुना पीएस 2 च जपावा लागेल. आपल्या अर्नाळ्यासारख्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने धातूच्या पिना गंजतात, म्हणून तो कोरड्या, बंद डब्यात ठेवा. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. नव्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा नसेल तर एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या. आणि त्याआधी कुणी घर आवरायला काढलं, तर ते यंत्र भंगारात जाऊ देऊ नका.