'गडहिंग्लज' हा शब्द संगणक कसा साठवतो?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील, वारणा परिसरातल्या ७० गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. इंटरनेट खेड्याच्या वेशीपर्यंत येऊ लागले. पण त्या काळात मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर सुखरूप पोहोचेलच याची खात्री नसे. पाठवणाऱ्याला स्वच्छ मराठी दिसे. घेणाऱ्याच्या पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे यांची खिचडी उमटे. असे का होत असे? आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजचेच नाव उदाहरणादाखल घेऊ.

संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. 'आस्की' या अमेरिकी पद्धतीत १२८ क्रमांक होते आणि ते इंग्रजी अक्षरे, अंक व काही चिन्हे यांनी भरलेले होते. उदाहरणार्थ, इंग्रजी लहान 'जी' म्हणजे १०३. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. त्यांनी क्रमांक तेच ठेवले आणि त्या जागी मराठी आकार बसवले. समजा, एका फॉन्टमध्ये १०३ या जागी 'ग' बसवला. तो फॉन्ट ज्याच्याकडे आहे त्याला 'ग' दिसेल. नसेल त्याला इंग्रजी 'जी'. दुसऱ्या कंपनीने 'ग' भलत्याच क्रमांकावर बसवलेला असे. १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक ठरले होते, पण वेबवरील बहुतेक मराठी पानांनी आपापल्या फॉन्टचाच रस्ता धरला.

यात आणखी एक अडचण दडलेली होती. हे फॉन्ट अक्षरांना नव्हे, आकारांना क्रमांक देत. 'हि' मधील पहिली वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती 'ह' च्या आधी साठवली जाई. 'ग्ल' मधील अर्धा 'ग' हा वेगळा आकार, म्हणून त्याला वेगळा क्रमांक. या नावात 'ग' दोनदा आला आहे हे तिसरीतला मुलगाही सांगेल. संगणकाला ते कळत नसे. मग शब्द शोधणे आणि अकारविल्हे याद्या लावणे कसे जमणार?

यावर तेव्हा तीन उपाय वापरले गेले. पहिला, मजकुराचे चित्रच पाठवणे. सेकंदाला २८,८०० बिट वाहून नेणाऱ्या मोडेमवर ५० किलोबाइटच्या चित्राला किमान १४ सेकंद लागत आणि चित्रातला शब्द शोधता येत नसे. दुसरा, रोमन लिपी. पण रोमन लिपीतले 'गडहिंग्लज' परगावचा वाचक 'गढिंग्लज' असेही वाचू शकतो. 'ड' आणि 'ह' वेगळे की 'ढ' एकच, हे तिथे समजत नाही. तिसरा उपाय १९९७ साली आला: पानासोबत फॉन्टही पाठवणे. मात्र नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या ब्राउझरच्या पद्धती एकमेकींशी जुळत नव्हत्या.

खरे उत्तर 'युनिकोड' मध्ये होते. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये 'मंगल' फॉन्टसह तिची सोय झाली. युनिकोड आकाराला नव्हे, वर्णाला क्रमांक देते आणि तो जगभर एकच असतो. आपले नाव असे साठते: २३२७ (ग), २३३७ (ड), २३६१ (ह), २३६७ (वेलांटी), २३०६ (अनुस्वार), २३२७ (ग), २३८१ (हलन्त चिन्ह), २३५४ (ल), २३३२ (ज). २३२७ दोनदा आला आहे, हे लक्षात घ्या. वेलांटी उच्चाराप्रमाणे 'ह' नंतर आहे. ती डावीकडे काढणे आणि 'ग' ला 'ल' शी जोडणे, हे काम पडद्यावर दाखवताना संगणक करतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच पायावर उभा आहे.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. संगणकावर युनिकोडमध्ये 'गडहिंग्लज' टंकलिखित करा. डोळ्यांना पाच अक्षरे दिसतील. आता शेवटापासून एकेक खोडत जा. बहुतेक संगणकांवर कळ नऊ वेळा दाबावी लागेल. काही ठिकाणी वेगळा आकडा आला, तर तो का आला याची चर्चा घडवा.

आणि एक काम शाळेसाठी. नव्वदच्या दशकात संगणकावर तयार झालेली स्मरणिका, हस्तलिखितांच्या नकला, प्रश्नपत्रिका कपाटातल्या तबकड्यांवर असतील. कागदावर आकार टिकतो. तबकडीवर फक्त क्रमांक टिकतात. ते क्रमांक कोणत्या फॉन्टचे, हे सांगणारा माणूस निवृत्त झाला की मजकूर असूनही वाचता येत नाही. म्हणून फॉन्टचे नाव आजच विचारून लिहून ठेवा, फॉन्टची फाइल जपा, छापील प्रत असल्यास सोबत ठेवा आणि सवडीने सारे युनिकोडमध्ये बदलून घ्या. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे सहज जमेल, आणि शाळेचा इतिहासही त्यांच्या नजरेखालून जाईल.