काबुकीचे कागदी नट

एडो म्हणजे आजचं टोकियो. तिथल्या काबुकी नाटकघरांचे फलक तोरी घराणं रंगवायचं. सतराव्या शतकाच्या अखेरीस या घराण्यातल्या कियोनोबूने लाकडी ठशांवरून नटांची चित्रं छापली आणि फलकावरचा आवेश कागदावर आला: फुगीर पोटऱ्या, जाड-बारीक होत जाणारी रेघ. चेहरे मात्र साचेबंद. नट कोण, हे कपड्यांवरच्या त्याच्या घराण्याच्या चिन्हावरून ओळखायचं.

1765च्या सुमारास बहुरंगी छपाई रुळली, आणि कात्सुकावा शुन्शो वगैरेंच्या चित्रांत नट चेहऱ्यावरून ओळखू येऊ लागले. चाहत्याला आता भूमिकेच्या आतला माणूस विकत मिळत होता.

मग 1794मध्ये शाराकू आला. प्रकाशक त्सुताया जूझाबुरोने या अनोळखी चित्रकाराचे नट काळसर अभ्रकी पार्श्वभूमीवर छापले. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांचे राकट जबडे त्याने लपवले नाहीत. चाहत्यांना हे कितपत रुचलं असेल? दहाएक महिन्यांत तो नाहीसा झाला. 1910मध्ये युलियुस कुर्ट या जर्मन अभ्यासकाने त्याच्यावर पुस्तक लिहिलं, त्याची कीर्ती युरोपभर पसरली, आणि आज काबुकीचं चित्र म्हटलं की त्याने काढलेला नट ओनिजीच पंजे पसरून समोर येतो.

मला यात चित्रकार कुनिसादावर अन्याय झालेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाचा निम्म्याहून अधिक काळ त्याने रंगभूमीचा पाठलाग केला. त्याच्या चित्रांची संख्या वीस हजारांच्या घरात सांगतात. इतकं काम म्हटल्यावर पाट्या टाकणं आलंच, पण कोणत्या नटाने कोणत्या भूमिकेत काय नेसलं, हे त्याच्याइतकं कुणी टिपलेलं नाही.

1842मध्ये सरकारने उधळपट्टीला आळा घालायच्या नावाखाली नटांच्या चित्रांवरच बंदी आणली. पुढे काही वर्षांनी चित्रकार कुनियोशीने यातून गमतीदार वाट काढली. त्याने गोदामाची भिंत काढली आणि तिच्यावर कुणा टवाळाने खिळ्याने खरवडावेत तसे चेहरे. रेघोट्याच त्या! पण नट ओळखू येत होते. बंदी हळूहळू सैल झाली. 1854मध्ये दांजूरो हे नाव लावणाऱ्या आठव्या नटाने ओसाकात आत्महत्या केली, तेव्हा तर त्याच्या स्मृतिचित्रांचा पूर आला.

मेइजी सम्राटाच्या काळात चित्रकार कुनिचिकाने भडक लाल रंगात ही परंपरा 1900पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवली. तोवर छायाचित्रांनी बाजार व्यापला होता.

टोकियोच्या वासेदा विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहालयाने अशी हजारो चित्रं इंटरनेटवर ठेवली आहेत. शाराकू पाहाच, पण आधी कुनिसादा उघडा.