शिक्षेपूर्वीची शिक्षा

रहस्यकथेत खुनी कोण, हे अखेरीस कळते. डोस्टोव्हस्कीच्या १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ या कादंबरीत खून सहांपैकी पहिल्याच भागात होतो आणि आठ वर्षांच्या सक्तमजुरीचा उल्लेख येतो तो थेट उपसंहारात. मधल्या पाच भागांत आरोपी आणि न्यायाधीश एकाच मनात नांदतात.

रास्कोल्निकोव्ह हा शिक्षण सुटलेला, दारिद्र्याने गांजलेला विद्यार्थी. असामान्य माणसाला नीतीचे बंधन नाही, असा सिद्धांत रचून तो गहाणवट करणाऱ्या एका म्हातारीला ठार करतो. पाठोपाठ तिच्या निरपराध बहिणीचाही बळी जातो. लुटलेला ऐवज तो न मोजताच दगडाखाली दडवतो. आपला सिद्धांत चुकला, हे त्याला तुरुंगातही सहजी पटत नाही. तरी कबुली दिल्यावाचून त्याला राहवलेले नसते.

झारशाही १९१७ साली लयास गेली. स्वतःला सूट देण्याची मनुष्याची युक्ती मात्र तीच आहे. खोट्या बिलावर सही करणारा कर्मचारी आणि परीक्षेत नक्कल करणारा विद्यार्थी, दोघेही ‘माझी गोष्ट वेगळी’ असेच म्हणतात. कायद्याला कृती दिसते. त्या कृतीला मनाने आधीच दिलेली परवानगी अभिजात साहित्य दाखविते. म्हणूनच ते जुने होत नाही.