बोटाच्या पेराएवढं औषध

जांघेत चट्टा उठतो, रात्रभर खाजवून जीव मेटाकुटीला येतो आणि सकाळी माणूस कोपऱ्यावरच्या मेडिकलसमोर उभा राहतो. 'खाजेवर चांगली ट्यूब द्या.' चिठ्ठी कोणी मागत नाही, कोणी दाखवत नाही. दोन दिवसांत खाज बंद, लाली गायब. मग ती ट्यूब घरात मुक्काम ठोकते. आज धाकट्याच्या मुरुमांवर, उद्या सासूबाईंच्या भेगाळलेल्या टाचेवर, परवा शेजारच्या काकूंच्या मानेवर.

अशा एखाद्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली तर क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन अशी नावं सापडतात. एक औषध बुरशीवर, दोन इतर जंतूंवर आणि त्यांच्या जोडीला स्टेरॉइड. रोग कोणता ते कळलं नाही तरी चालेल, काहीतरी लागू पडेलच, असा हा हिशेब. गंमत आकड्यांची आहे. क्लोबेटासॉलचं प्रमाण असतं ०.०५ टक्के आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या साध्या मलमाचं १ टक्का. आकडे बघून कुणालाही वाटेल, पहिलं मलम सौम्य. प्रत्यक्षात हायड्रोकॉर्टिसोन सर्वांत सौम्य गटात मोडतं आणि क्लोबेटासॉल सर्वांत तीव्र गटात. मलमाची ताकद टक्क्यांवरून ठरत नाही, रेणूवरून ठरते.

स्टेरॉइडला खलनायक ठरवण्याआधी थोडा इतिहास. अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांवरील संशोधनाला १९५० साली नोबेल मिळालं. कॉर्टिसोन पोटातून किंवा इंजेक्शनने दिलं की सांधेदुखीने जखडलेले रुग्ण चालू लागत; त्वचेला चोळलं तर मात्र उपयोग होत नसे. १९५२ मध्ये अमेरिकेत सल्झबर्गर आणि विटेन यांनी त्याऐवजी हायड्रोकॉर्टिसोन लावून पाहिलं आणि इसबाचे चट्टे बसले. त्याआधी डांबराची मलमं आणि ओल्या पट्ट्या यांवर दिवस काढणाऱ्या रुग्णांसाठी ही मोठी सुटका होती. इसब, सोरायसिस, रसायनांमुळे किंवा दागिन्यांमुळे उठणारी ॲलर्जी यांत आजही पहिला मान याच औषधांचा आहे.

स्टेरॉइड पेशीत शिरून थेट जनुकांच्या कामकाजात हात घालतं. दाह पेटवणाऱ्या रसायनांचं उत्पादन घटतं, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून लाली आणि खाज दोन्ही ओसरतात. पण त्याच झटक्यात कोलॅजेन तयार होणंही मंदावतं. तीव्र मलम महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते, जांघेत आणि काखेत जांभळट भेगा पडतात. या भेगा पुढे फिकट होतात, पण पुसल्या जात नाहीत.

गजकर्णावर हेच मलम लावणं म्हणजे घरात चोर शिरलेला असताना कुत्र्याचं तोंड बांधणं. खाज हा शरीराच्या प्रतिकाराचा आवाज असतो; तो थांबतो आणि बुरशी निवांत पसरते. गजकर्णाची ओळख म्हणजे कडेला उठलेलं, खवले असलेलं लालसर कडं. स्टेरॉइडने ते कडंच पुसट होतं. हा वेषांतर केलेला नायटा १९६८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला आहे. ओळखण्याची तपासणी साधी आणि स्वस्त आहे. चट्ट्यावरचे चार खवले खरवडायचे, काचपट्टीवर पोटॅशचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधायचे. काही मिनिटांचं हे काम टळतं आणि रुग्ण वर्षभर ट्यूबा बदलत राहतो. त्यात भर म्हणून, टर्बिनाफिनला दाद न देणारी, भारताशी जोडलेली बुरशीची एक प्रजाती २०२० मध्ये वर्णिली गेली. तिच्या नावातही 'इंडो' आहे. अभिमान वाटावा असं त्यात काही नाही.

मग सुरक्षित वापर कसा? आधी जागा पाहावी. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून १ धरलं, तर कपाळातून ६, जबड्याजवळून १३ आणि अंडकोषाच्या त्वचेतून तब्बल ४२. तळपायातून मात्र ०.१४. तळपायाला दिलेली ट्यूब जांघेला किंवा चेहऱ्याला का लावू नये, याचं उत्तर या आकड्यांत आहे. पापण्यांभोवती जास्त दिवस लावलं तर डोळ्यातला दाब वाढण्याची भीती असते. तान्ह्या बाळाच्या डायपरखाली मलम कोंडलं जातं आणि शोषण आणखी वाढतं.

मापासाठी चमचा लागत नाही. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, ट्यूबमधून एक रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मोठ्या माणसाच्या, पाऊल सोडून, पूर्ण पायाला अशा सहा रेघा, म्हणजे ३ ग्रॅम लागतात. याचा दुसरा अर्थ असा, की पायभर इसब असताना १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर औषध पुरेसं लागतच नाहीये. इसब असलेल्या मुलांचे आईवडील 'स्टेरॉइड' शब्द ऐकून बोटभर लावायचं तिथे ठिपकाभर लावतात, मूल रात्रभर खाजवतं आणि आजार लांबतो. मला हे नुकसानही तेवढंच मोठं वाटतं. मॉइश्चरायझर मात्र सढळ हाताने लावावं. दोन्हींच्या मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. क्लोबेटासॉलसारखं मलम सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, ही मोठ्या माणसांसाठीची मर्यादा.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याची पळवाट बंद केली. वेष्टनावर 'आरएक्स' असं चिन्हही असतं. काउंटरवर फरक फारसा दिसत नाही.

सर्वांत अवघड दुखणं चेहऱ्याचं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण वांगासारख्या डागांवर ठरावीक मुदतीचा उपचार म्हणून दिलं जातं, आणि गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं फासलं जातं. बंद केलं की चेहरा लालबुंद होतो, भाजल्यासारखी आग होते, पुरळ उठतं. लावलं की शांत. म्हणून माणूस पुन्हा लावतो. हे चक्र तोडायला त्वचारोगतज्ज्ञच लागतो आणि काही महिने जातात. जाताना ट्यूब, रिकामी झालेली असली तरी, खिशात टाकून न्यावी. 'पांढरी क्रीम होती, निळ्या खोक्यातली' एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही.