ओला रस्ता आणि घर्षणाचा हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतांश भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीचा पट्टा मुसळधार पाऊस झेलत असला, तरी पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे तो उणा आणि बेभरवशाचा होत जातो. अशा अवर्षणप्रवण जिल्ह्यात ओल्या रस्त्याची धास्ती कमी असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घर्षणाचा विचार केला, तर पावसाच्या तुटवड्यामुळेच इथला रस्ता काही वेळा अधिक घातक ठरतो, हे लक्षात येते.

टायर आणि रस्ता यांच्यातील पकड घर्षणांकाने मोजतात. चाकावरील भाराच्या तुलनेत घर्षणबल किती मिळते, हे त्यातून कळते. कोरड्या डांबरावर हा अंक साधारण ०.७ आणि ओल्यावर ०.४ असतो, चिखलाचा थर असल्यास तो ०.२ पर्यंतही घसरतो. कोरड्या दिवसांत रस्त्यावर धूळ, गळलेले तेल आणि झिजलेल्या टायरचे कण साचत राहतात. जोरदार पाऊस हा थर धुऊन नेतो, मात्र रिमझिम त्याचा केवळ लगदा करते. म्हणून लांबलेल्या उघडिपीनंतरच्या पहिल्या हलक्या सरीला मोठ्या पावसापेक्षा अधिक भ्यावे.

ब्रेक लागल्यानंतर गाडी किती अंतरात थांबेल, हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, कारण गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ती सारी घर्षणालाच शोषून घ्यावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सपाट, कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटरांत, ओल्यावर ३५ आणि चिखलावर ७१ मीटरांत थांबते. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा दीड सेकंद धरला, तर यात आणखी २५ मीटर मिळवावे लागतात.

उतारावर हा हिशेब आणखी बिघडतो. करंजी किंवा चंदनापुरी घाटासारख्या रस्त्यावर दर १५ मीटरला १ मीटर उतार धरला, तर गुरुत्वाकर्षण घर्षणांकातून सुमारे ०.०७ वजा करते. कोरड्या रस्त्यावर त्याने थांबण्याचे अंतर जेमतेम २ मीटरांनी वाढते; चिखलाच्या रस्त्यावर मात्र तेच अंतर ७१ वरून १०६ मीटरांवर जाते, कारण मुळातच तोकड्या पकडीतून उतार आपला वाटा काढून घेतो. वळणावर गाडीला आत खेचणारे बलही घर्षणच पुरवते. ३० मीटर त्रिज्येचे सपाट वळण कोरड्यात ताशी ५१ किलोमीटरने घेता आले, तरी ओल्यात ३९ ही मर्यादा ठरते.

पाणी साचलेल्या सरळ रस्त्यावरचा धोका वेगळा आहे. टायरवरील खाचा पाणी बाहेर फेकू शकल्या नाहीत, तर वेगाच्या वर्गाने वाढणारा पाण्याचा दाब चाक उचलून धरतो आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते. ‘गोटा’ झालेल्या टायरला हे कमी वेगात घडते, आणि टायरमधील हवा कमी असली, तर त्याहूनही लवकर. अशा वेळी जोरात ब्रेक दाबण्याऐवजी ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरावे.

या जिल्ह्यात सर्वाधिक चिंता वाटावी अशी बाब म्हणजे ऊसवाहतूक. परतीचा पाऊस रेंगाळतो तेव्हाच गळीत हंगामाची सुरुवात होते, आणि ट्रॉल्यांच्या चाकांना चिकटलेली काळी माती शेतातून डांबरावर येते. एरवी वाहनाचे वस्तुमान थांबण्याच्या गणितातून वजा होते, कारण भार वाढला की घर्षणही तितकेच वाढते; परंतु हे सगळ्या चाकांना ब्रेक असतील तरच खरे. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टर आणि दोन भरलेल्या ट्रॉल्या यांच्या एकूण वजनापैकी पाचवा हिस्साच ब्रेक लागणाऱ्या चाकांवर असेल, तर ओल्या रस्त्यावरचा ०.४ हा अंक प्रत्यक्षात ०.०८ एवढाच उरतो. ताशी २५ किलोमीटर या संथ वेगातही, ६ मीटरांऐवजी ३१ मीटर लागतात. वर सांगितलेल्या उतारावर तर हेच अंतर दीडशे मीटरांच्या पुढे जाते, म्हणजे व्यवहारात ती गाडी थांबतच नाही. अशा वेळी चालकाचे कसब निरुपयोगी असते. म्हणूनच साखर कारखान्यांनी ऊसवाहतुकीचे करार करतानाच प्रत्येक ट्रॉलीला ब्रेक असण्याची अट घालावी, आणि डांबरावर चढण्यापूर्वी चाकांचा चिखल काढणे सक्तीचे करावे.